चुकलेला जिना

"नाव घ्या, नाव! नाव घेतल्याशिवाय वाण मिळायचं नाही हं."

मी नुकतीच जिना चढून आत आले होते, सतरंजीवर नीट टेकलेही नव्हते. मनगटावर अत्तर लागलं, अंगावर गुलाबपाणी उडालं, तिळाची वडी तोंडात गेली आणि तोंड भरलेलं असतानाच बायका मागे लागल्या. खाली पिठाची गिरणी चालू होती. तिच्या घरघरीनं मांडणीतल्या कपबशा बारीक किणकिणत होत्या. जमलेल्या बायकांपैकी एकीलाही मी ओळखत नव्हते, पण त्याचं मला नवल वाटलं नाही. हळदीकुंकू माझ्या नणंदेच्या मैत्रिणीकडे होतं आणि नणंद अजून यायची होती. "तू पुढं हो, मोती चौकाच्या मागं गिरणीशेजारचा जिना, पहिला मजला, मी आलेच," असं कुमुदवन्संनी सांगितलं होतं.

ही गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची, साताऱ्यातली. तेव्हा आम्ही एमआयडीसीच्या पलीकडे भाड्याच्या घरात राहत होतो. आमच्या ह्यांची कंपनी तिथून हाकेच्या अंतरावर, लेकीला शाळेची रिक्षा दारात, आणि मी घरात. बस यायची, पण ती तिच्या मर्जीनं. एकदा लुना शिकायला घेतली, तर पहिल्याच आठवड्यात खडीवर घसरून मनगट मोडून घेतलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी हे म्हणाले, "जाऊ दे लुना. तुला कशाला पाहिजे? मी आहे ना."

आणि ते होतेच. भाजी, दळण, दवाखाना, माहेर, सगळीकडे ते मला स्कूटरवरून न्यायचे आणि आणायचे, कधी कपाळाला आठी नाही. माझ्या जावा म्हणायच्या, नशीब काढलंस. मीही हो म्हणायचे. पण पोह्यांवर घालायला कोथिंबिरीची काडी नसली, तर ती संध्याकाळपर्यंत नसायची. मी वाईची, गंगापुरीतली. लग्नाआधी दिवसातून चार वेळा घाटावर जाऊन येणारी पोरगी. त्या घरात बसून बसून मी आंबले होते, पण तक्रार तरी कशाची करायची?

त्यातच ह्यांनी हमरस्त्याच्या पलीकडे एक बंगला हेरला होता. नवी कॉलनी, पुढे मोकळी जागा, आणि मोटार ठेवायला स्वतंत्र खोली. मोटार नव्हती आमच्याकडे. पण खोली असली की मोटार येईल, असं ह्यांचं म्हणणं. येत्या रविवारी इसार देऊन व्यवहार पक्का करायचा होता. माझ्या लेखी ती जन्मठेप होती, आणि मी अजून एका शब्दानं तसं बोलले नव्हते.

तर त्या बायका नाव घ्या म्हणाल्या, आणि काय अंगात आलं कोण जाणे, वडी गिळून मी म्हटलं:

"दारात नाही मोटार, तरी मोटारीला हवी खोली;
जयसिंगरावांना सांगते, आधी भाजीनं भरू द्या झोळी."

बायका खो खो हसल्या. एकजण म्हणाली, "अगंबाई, ही तर भांडणच घेऊन आली उखाण्यात!" घरची बाई मात्र हळदीकुंकवाचा करंडा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. साठीची असेल. उंच, हाडापेरानं मजबूत, नाकात मोत्याची नथ आणि कमरेला पदर खोचलेला.

"कुठं घेताय बंगला?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"तिथं भाजी कुठं मिळते?"

"मिळत नाही. रविवारी आणायची."

"आणि रविवारी पाहुणे आले तर?"

"तर मग पिठलं."

ती हसली. माझ्या ओटीत तिनं गहू घातले, हातात वाण ठेवलं. चहाची स्टीलची गाळणी होती. चांगली जाड, कधी न मोडणारी. मी ती पिशवीत टाकली आणि सहज विचारलं, "कुमुदवन्सं अजून कशा नाही आल्या?"

"कोण कुमुदवन्सं?"

"आमच्या नणंदबाई. तुमच्या मैत्रीण ना त्या? फडतरे वहिनी तुम्हीच ना?"

गिरणी नेमकी त्याच क्षणी थांबली. खोलीत असं चिडीचूप झालं, की मला माझ्या बांगड्या ऐकू आल्या.

"फडतरे पलीकडच्या जिन्यानं," ती बाई म्हणाली. "गिरणी मधे, डावा जिना त्यांचा, उजवा आमचा. त्यांच्याकडंही आजच आहे. मी द्वारका शेणोलीकर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाच्या तरी घरात शिरून मी त्यांचा तिळगूळ खाल्ला होता, ओटी भरून घेतली होती, वर उखाणा घेऊन नवऱ्याचं गाऱ्हाणंही गायलं होतं. मी घाईघाईनं पिशवीतली गाळणी काढून पुढे केली.

"हे हो काय?" द्वारकाताई म्हणाल्या. "दिलेलं वाण कुणी परत घेतं का? आली ती सवाष्ण, जिना कुठला का असेना. बस खाली."

आणि मी बसले. एव्हाना त्या मला अगं-तूगं करायला लागल्या होत्या. मलाही ते बरं वाटलं.

नव्या बायका येत होत्या, जुन्या उठत होत्या. आतल्या खोलीतून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज आला, "द्वारके, दूध संपलंय गं! चहा कशाचा करू?" हे अण्णा, त्यांचे यजमान. बायकांची गर्दी म्हणून त्यांची रवानगी स्वयंपाकघरात झाली होती, आणि गुडघे धरून ते बिचारे चहाच्या पातेल्यापाशी स्टुलावर बसले होते.

द्वारकाताईंनी खोलीभर नजर फिरवली. नेमकी माझ्यावर येऊन थांबली.

"तू मोकळी आहेस ना? जा बाई, लिटरभर दूध घेऊन ये. चौकातच आहे डेअरी. आणि हे बघ, जातेच आहेस तर अण्णांच्या गुडघ्याचं मलम आण मेडिकलमधून. आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याकडं माझं पोलकं पडलंय, त्याला म्हणावं, संक्रांतीला द्यायचं ते आता पाडव्याला देतोस का?"

"मी? एकटी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग? बँड लावू?"

चुकीच्या जिन्यानं आलेल्या, नाव-गाव माहीत नसलेल्या बाईच्या हातात त्यांनी किटली, पिशवी आणि पैसे दिले. आणि मी निघाले.

खरं सांगते, जिना उतरताना मी किटली दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. बाजार मला नवा नव्हता. पण मी तो नेहमी स्कूटरच्या मागच्या सीटवरून पाहिलेला. ह्यांनी थांबवली तिथे उतरायचं, पटापट घ्यायचं, चढायचं. आज मला कुणी थांबवणारं नव्हतं आणि थांबलेलंही नव्हतं. संध्याकाळ झाली होती, दुकानांतले दिवे लागले होते. डेअरी कोपरा वळल्यावर लगेच लागली. मेडिकल तिच्या समोर. मलम घेऊन मी शिंप्याकडे गेले. तो म्हणाला, "काजं राहिलीत ताई, उद्या या." मी द्वारकाताईंचा निरोप शब्दन्‌शब्द सांगितला. त्यानं जीभ चावली आणि म्हणाला, "बसा पाच मिनिटं."

मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले. समोरून माणसं जात होती. एक मास्तर दिसणारे गृहस्थ वाचनालयातली पुस्तकं काखोटीला मारून चालले होते. दोन मुली एकमेकींच्या वेण्या ओढत शिकवणीला निघाल्या होत्या. पेढ्याच्या दुकानातून खव्याचा खरपूस वास येत होता. कुणालाच कसली घाई नव्हती, कारण कुणालाच फार लांब जायचं नव्हतं. मला एकदम वाई आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. आनंदानंच आलं.

पोलकं घेऊन परत निघाले, तर एक बाई ओल्या हरभऱ्याच्या पेंड्या विकत बसलेली. घेतली एक. शेजारी कोथिंबीर होती. घरी कोथिंबीर होती तरी जुडी घेतली. मग मी त्या रस्त्यानं एका हातात किटली, खांद्याला पिशवी, हरभरा सोलून खात खात अगदी सावकाश आले. पदर कधी घसरला तेही कळलं नाही.

वर आले तेव्हा द्वारकाताई म्हणाल्या, "दूध काढून आणलंस का गं?" पण पोलकं बघून खूष झाल्या.

बायका पांगल्यावर त्यांनी मला घर दाखवलं. बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर, मागे एक गॅलरी. गॅलरीतून अजिंक्यतारा दिसत होता.

"आवडलं?" त्यांनी विचारलं.

"फार."

"मग घे. आम्ही विकतोय."

मला वाटलं, चेष्टा करतायत.

"खरंच. अण्णांना जिना झेपत नाही. पलीकडच्या बोळात खालच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्यात आम्ही. मुलगा म्हणतो, नाशिकला या, मोठा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे. म्हटलं, लिफ्टनं खाली उतरून जाऊ कुठं? जिना सोडायचा, गल्ली नाही सोडायची." त्या कोथिंबिरीच्या जुडीकडे बघत होत्या. "एक क्लासवाले मागं लागलेत. सोमवारी यायचेत. बाकं टाकून शिकवणी लावणार इथं. पण मला रोज इथूनच जायचंय मंडईला. वर बघितलं की कुणीतरी राहतं माणूस दिसावं, एवढंच वाटतं."

"ह्यांना पटायचं नाही हो," मी म्हटलं. "मोटार कुठं लावायची?"

"आहे कुठं मोटार?" त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी डाव्या जिन्यानं फडतरे वहिनींकडे जाऊन आले. तिथे कुमुदवन्सं माझी वाट बघून बघून फुगल्या होत्या. "होतीस कुठं? मी तुला शोधायला माणूस पाठवणार होते!" मी म्हटलं, जिना चुकला. त्या म्हणाल्या, "जिना चुकायला वेळ किती लागतो?"

खाली उतरले तर हे स्कूटरला टेकून उभे होते.

"फार वेळ झाला का येऊन?" मी विचारलं.

"छे, आत्ताच."

स्कूटर सुरू होईना. किकवर किक मारली, इंजिन गार पडलं होतं. मी मागे बसले. रस्ताभर हे बोलले नाहीत. मीच सगळं सांगितलं, जिना, उखाणा, दूध, घर. वाऱ्यामुळे ओरडून सांगावं लागत होतं आणि मला ओरडायला मजा येत होती.

घरी आल्यावर म्हणाले, "गिरणीवर राहायचं? दिवसभर घरघर?"

"सवय होते म्हणे."

"म्हणे! आणि जिना? आणि उद्या गाडी घेतली तर?"

"अहो, तिथं राहिलं तर गाडी लागतेच कशाला?"

"वैजू, अगं, मोकळी हवा आहे तिकडं. पोरीला खेळायला अंगण. मी दावणीशेजारी झोपून वाढलो, एका खोलीत आठ माणसं. तुम्हाला तसं नको, म्हणून तर धडपड." त्यांचा आवाज खाली आला. "तुला कशाची कमी पडू देतो का मी?"

"नाही."

"मग?"

मी कोथिंबीर निवडत होते. देठं मोडता मोडता म्हटलं, "कमी नाही पडू देत तुम्ही. पण मला आणून देऊ नका ना सगळं. मला जाऊन आणायचंय."

मग त्यांनी विचारलं, "गिरणी कधी बंद होते?"

"संध्याकाळी."

एवढंच. पुढे दोन दिवस ह्या विषयावर एक अक्षर नाही. रविवारी सकाळी त्यांनी अंघोळ केली, देवाला नमस्कार केला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पाकीट खिशात ठेवलं. इसार द्यायला निघालेत हे मला कळलं. कुठं, हे मी विचारलं नाही. विचारायचा धीरच झाला नाही. स्कूटरचा आवाज लांब गेला आणि मी चुलीपुढं बसावं तशी गॅसपुढं नुसती उभी राहिले. बाहेर उन्हात रस्ता मोकळा पडला होता, आणि त्यावर एक कुत्रं सोडलं तर कुणी नव्हतं. असंच म्हातारं व्हायचंय आपल्याला, असं मला वाटलं, आणि मग मी खूप रडले.

हे आले ते दुपारी. तोंड लालबुंद.

"तुझ्या त्या बाईंचा नवरा काय माणूस आहे!" आल्या आल्या सुरुवात. "घरात घेतलं, चहा दिला, चिवडा दिला. म्हटलं, जागा बघायला आलोय. म्हणाला, बघा की. सगळी बघितली. गिरणीचा आवाज बघितला, नळाला पाणी कधी येतं ते विचारलं. मग म्हटलं, तुम्ही खाली कधी करताय? तर अंगावरच धावून आला माझ्या! म्हणतो, कुणी पाठवलं तुला, भावानं का? माझा हिस्सा मी सोडणार नाही!"

मी डोळे पुसले. "कुठल्या जिन्यानं गेला होता तुम्ही?"

"गिरणीशेजारच्या."

"डाव्या का उजव्या?"

ते अगदी हळू म्हणाले, "डाव्या."

मी जी हसत सुटले, ती भिंतीला धरूनच खाली बसले. फडतऱ्यांचा भावाशी वाटणीचा दावा चालू होता, आणि आमचे हे इस्त्रीचा शर्ट घालून त्यांना घर खाली करायला सांगून आले होते! आधी ते माझ्याकडे रागानं बघत होते. मग त्यांनाही हसू फुटलं. हसता हसता माझ्या लक्षात आलं, की माणूस बंगल्याकडे गेलाच नव्हता.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? त्या बाईंनी खिडकीतून सगळा तमाशा ऐकला होता. खाली येऊन मला हाताला धरून वर नेलं. म्हणाल्या, तुमच्या घरात कुणालाच सरळ जिना सापडत नाही का हो? देऊन आलो इसार. क्लासवाल्यांना त्या नाही म्हणून कळवतायत."

पाडव्याला आम्ही राहायला आलो. फडतऱ्यांनी महिनाभर ह्यांच्याशी अबोला धरला, नंतर त्या दोघांचंच बुद्धिबळ सुरू झालं. द्वारकाताई रोज मंडईला जाताना खालून हाक मारायच्या, "वैजू, येतेस का गं?" आणि मी पायांत चप्पल सरकवून निघायचे. त्या गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लेक चालतच शाळेत गेली, चालतच कॉलेजात गेली. मी वाचनालयात जायला लागले, मग तिथेच दुपारची पुस्तकं देण्या-घेण्याचं काम करायला लागले. मोटार काही आली नाही.

मात्र एक गोष्ट मला कधी कळली नव्हती. दोन दिवस गप्प बसलेल्या ह्या माणसाचं मन फिरलं कशानं? विचारलं की म्हणायचे, "तुझी कटकट नको म्हणून." मीही तेच खरं धरून चालले होते.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी ह्यांना डोळ्यांमुळे स्कूटर चालवायची बंदी केली. विकायला काढली, एक माणूस येऊन घेऊन गेला. हे खिडकीत उभे राहून ती चौकातून वळेपर्यंत बघत होते. मला वाटलं, वाईट वाटत असेल. मी चहा केला, त्याच गाळणीनं गाळला आणि कप त्यांच्या हातात दिला.

"कुठं जायचं असेल तर सांगा हं," मी चेष्टेनं म्हटलं. "मी आहे ना."

ते हसले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी आत्ताच आलो म्हणालो ना, ते खोटं होतं."

"माहितीये. इंजिन गार होतं."

"मी तासभर आधी आलो होतो. त्या पानपट्टीपाशी उभा होतो. तू शिंप्याच्या पायरीवर बसलेली दिसलीस. मला वाटलं, दुसरीच कुणी बाई आहे. मग उठलीस. हरभरा खात आलीस तू, किटली हलवत, पदराची शुद्ध नाही. माझ्यापासून चार हातांवरून गेलीस. तुला मी दिसलो नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "वैजू, लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तुला कुठून तरी एकटी चालत येताना मी कधी बघितलंच नव्हतं. जिथून यायचीस तिथून मीच तुला आणलेलं."

खाली गिरणी सुरू झाली. मांडणीतल्या कपबशा किणकिणल्या. मी विचारलं, "मग हाक का नाही मारलीत?"

"मारणार होतो. तोंडाशी आली होती."

"मग?"

"मारली असती, तर तू थांबली असतीस."